गाडीतला नकाशा विकत घ्यावा का?

शोरूममध्ये हातात दिलेला किमतीचा तक्ता नीट वाचला, तर त्यात नेव्हिगेशनची किंमत कुठेच सापडत नाही. सीट कव्हरचा दर असतो, मॅटचा असतो, मडफ्लॅपचाही असतो. गाडीत बसवून येणाऱ्या नकाशाचा मात्र वेगळा दर नसतो. तो वरच्या व्हेरिएंटमध्ये येतो आणि सोबत सनरूफ, अलॉय व्हील, मोठा पडदा, वायरलेस चार्जर असं सगळंच येतं. सेल्समन सांगतो, ‘‘सर, टॉपला इनबिल्ट नेव्हिगेशन आहे, मोबाइल काढायची गरजच नाही.’’ घरचे सनरूफकडे बघत असतात आणि निर्णय तिथेच होऊन जातो.

म्हणून आधी हिशेब. समजा, खालच्या व्हेरिएंटची शोरूम किंमत 9 लाख 80 हजार आहे आणि नेव्हिगेशनवाल्याची 10 लाख 60 हजार. फरक दिसतो 80 हजारांचा. पण महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीचा एकरकमी कर किमतीच्या टप्प्यानुसार 11, 12 किंवा 13 टक्के असतो, आणि 10 लाखांची रेघ ओलांडली की पूर्ण किमतीवर पुढचा दर लागतो. म्हणजे पहिल्या गाडीचा कर 1,07,800 रुपये आणि दुसरीचा 1,27,200. फरकात इथेच 19,400 रुपयांची भर पडली. त्यावर विम्याचा हप्ता वाढतो आणि कर्ज काढलं असेल, तर या सगळ्यावर व्याज चढतं. 80 हजारांचा फरक लाखाच्या वर जातो. सनरूफ हवंच असेल तर गोष्ट वेगळी. पण मनात मुख्य कारण नकाशा असेल, तर लाखभर रुपयांत नेमकं काय मिळतं, हे समजून घ्यायलाच हवं. तेवढ्या पैशांत घरातल्या चौघांना चांगले फोन येतात, आणि त्या प्रत्येकात नकाशा फुकट असतो.

‘नेव्हिगेशन’ या एका नावाखाली तीन वेगळी कामं चालतात. आपण आत्ता कुठे आहोत, हे ठरवणं हे पहिलं. रस्त्यांचा नकाशा जवळ असणं हे दुसरं. आणि त्या रस्त्यांवर या घडीला काय चाललंय, कुठे कोंडी आहे, कुठे काम सुरू आहे, हे माहीत असणं हे तिसरं. गाडी पहिल्या कामात फोनपेक्षा सरस असते. तिसऱ्यात फोन बहुतेकदा गाडीच्या पुढे असतो. दुसऱ्या कामात प्रश्न वयाचा येतो. तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे, पण आधी पहिल्या कामाकडे बघू, कारण त्याबद्दलचा एक गैरसमज लोकांना फार महागात पडतो.

ताम्हिणी किंवा माळशेज घाटात हमखास ऐकू येणारं वाक्य आहे, ‘‘रेंज गेली, आता जीपीएस बंद.’’ तसं होत नाही. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि सतत दोन गोष्टी सांगत असतात: आपली जागा आणि आपली वेळ. फोन किंवा गाडी फक्त ऐकते. उलट काहीही पाठवावं लागत नाही, त्यामुळे मोबाइलच्या टॉवरशी याचा संबंध नाही. संदेश निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ यांतल्या फरकावरून अंतर निघतं. किमान चार उपग्रह लागतात. तिघांवरून जागा ठरते आणि चौथ्यावरून आपल्या साध्या घड्याळाची चूक दुरुस्त होते. ही दुरुस्ती फार मोलाची आहे, कारण घड्याळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तरी अंतरात 300 मीटरची चूक होते. आजचे बरेचसे फोन जीपीएसखेरीज रशियाचे, युरोपचे आणि चीनचे उपग्रहही ऐकतात. काही आपल्या इस्रोच्या ‘नाविक’चेही ऐकतात.

मग घाटात बिघडतं काय? रेंज गेल्यावर अडतो तो नकाशा, कारण फोन तो इंटरनेटवरून तुकड्यातुकड्यांनी आणत असतो. निळा ठिपका जागेवर असतो, त्याच्याखालचा रस्ता गायब असतो. निघण्याआधी त्या भागाचा नकाशा वायफायवर उतरवून ठेवला, तर ही अडचण राहत नाही. गाडीतल्या नकाशाचं ‘रेंज नसतानाही चालतो’ हे जे कौतुक शोरूममध्ये होतं, ते फोनमध्येही फुकट मिळतं. फक्त आठवणीने करावं लागतं. आणखी एक बारकावा. रेंज नसताना फोन नुकताच सुरू केला असेल, तर ठिपका सापडायला थोडा वेळ लागतो. एरवी उपग्रहांच्या कक्षांची माहिती फोन इंटरनेटवरून झटकन घेतो. रेंज नसली की ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते. तो ती सेकंदाला अवघे 50 बिट या वेगाने पाठवतो, आणि पूर्ण संच यायला अर्धा मिनिट लागतं. अशा वेळी गाडी झाडाखालून काढून उघड्या आभाळाखाली उभी करायची आणि थोडं थांबायचं.

आता गाडीचं खरं कसब. उपग्रह दिसेनासे झाले की फोनचा आधार तुटतो. त्याच्या आतले सेन्सर काही क्षण अंदाज बांधतात, मग ठिपका थबकतो किंवा भलत्याच रस्त्यावर उडी मारतो. गाडीजवळ मात्र स्वतःची चाकं असतात. चाक किती फिरलं यावरून अंतर कळतं, आणि आतल्या जायरोस्कोपवरून वळण कळतं. शेवटच्या पक्क्या ठिकाणापासून किती आणि कोणत्या दिशेने गेलो, हे मोजत मोजत गाडी आपली जागा ओळखत राहते. चाकांचा वेग मोजणारे सेन्सर तर एबीएससाठी गाडीत असतातच. भारतात 2019 पासून प्रत्येक नव्या मोटारीला एबीएस सक्तीचं आहे. कंपनीने बसवलेलं नेव्हिगेशन त्याच सेन्सरचं ऐकतं. शिवाय बऱ्याच गाड्यांत अँटेना छतावर असते, आणि तिला खिशातल्या किंवा कपहोल्डरमधल्या फोनपेक्षा आभाळ जास्त दिसतं.

ही युक्ती उपग्रहांच्याही आधीची आहे. 1981 मध्ये होंडाने जपानमध्ये अकॉर्ड गाडीसाठी असं यंत्र आणलं. त्यात उपग्रह नव्हते. वायूच्या झोतावर चालणारा जायरोस्कोप वळणं मोजायचा, छोट्या पडद्यावर प्रकाशाचा ठिपका सरकायचा आणि पडद्यासमोर पारदर्शक फिल्मवर छापलेला नकाशा सरकवावा लागायचा. 1985 मध्ये कॅलिफोर्नियातल्या इटॅक कंपनीने नकाशा कॅसेटवर आणला. टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर रस्ते! मोठ्या शहराला एक कॅसेट पुरत नसे. चाकांचे सेन्सर आणि होकायंत्र यांच्या जोरावर ते चालायचं. उपग्रह ऐकणारं नेव्हिगेशन घेऊन आलेली पहिली मोटार म्हणजे 1990 ची माझ्दा युनोस कॉस्मो. तेव्हा अमेरिकी लष्कर सामान्यांसाठीचा सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडत असे. मे 2000 मध्ये ते थांबलं आणि अचूकता एका रात्रीत कित्येक पटींनी वाढली. या सगळ्या लोकांनी सोडवलेला प्रश्न एकच होता: गाडीला स्वतःची जागा स्वतः ओळखता यावी. मला हे काम अतिशय देखणं वाटतं. पण ते आपल्याला रोज किती उपयोगी पडतं, हा प्रश्न उरतोच.

बोगद्याचंच घ्या. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळचा बोगदा जवळपास 8 किलोमीटरचा आहे. आत शिरलं की फोन अंदाजावर येतो. पण आत वळायला रस्ताच नाही, तर चुकणार कुठे? सरळ बोगद्यात गाडीच्या कसबाचा फायदा जवळजवळ शून्य. खरा फायदा तिथे, जिथे आकाश झाकलेलं असताना निर्णय घ्यावा लागतो. नागपूरला वर्धा रोडवर जा. खाली रस्ता, त्याच्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. 3 किलोमीटरहून लांब अशी ही एकावर एक रचना आहे. खालच्या रस्त्यावरच्या गाडीला आभाळ जेमतेम कडेने दिसतं. शिवाय जीपीएसची उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते, त्यामुळे आपण पुलावर आहोत की पुलाखाली, हे फोनला नीट सांगता येत नाही. तो पुलावरच्या माणसाला ‘डावीकडे वळा’ म्हणतो आणि डावीकडे कठडा असतो. चढ ओळखणारा सेन्सर गाडीत असेल, तर ती इथे बाजी मारते. लोअर परळसारख्या उंच काचेच्या इमारतींच्या गर्दीतही तेच. सिग्नल भिंतींवर आदळून उशिरा पोचतो, अंतर वाढल्याचा भास होतो आणि ठिपका शेजारच्या गल्लीत जातो. रोजचा प्रवास अशा ठिकाणांतून असेल, तर गाडीच्या सेन्सरचं मोल आहे. सातारा–कोल्हापूर करणाऱ्याला ते क्वचितच कळेल.

आता वयाचा प्रश्न. आपल्याकडे गाडी दहा-पंधरा वर्षं चालते. फोन तीन-चार वर्षांत बदलतो. नकाशा मात्र वर्षभरातच जुना व्हायला लागतो. गाडीतला नकाशा विकत घेणं म्हणजे या तिघांतल्या सगळ्यांत लवकर शिळ्या होणाऱ्या गोष्टीला सगळ्यांत जास्त टिकणाऱ्या वस्तूत बसवून घेणं. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत काय झालं, ते पाहा. समृद्धीचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला आणि शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये. असा 701 किलोमीटरचा नवा रस्ता तयार झाला. अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये खुला झाला, मुंबईचा कोस्टल रोड त्याच वर्षी मार्चपासून टप्प्याटप्प्याने. 2021 चा नकाशा पोटात घेऊन फिरणाऱ्या गाडीला यातलं काहीच माहीत नाही. अटल सेतूवर तिचा बाण समुद्रातून चालताना दिसेल. धाराशिव किंवा अहिल्यानगर टाकलं तर शोध रिकामा येईल, जुनं नाव टाकावं लागेल.

कंपन्या अपडेट देतात, हे खरं. काही गाड्यांत ते हवेतून येतं, काहींत पेन ड्राइव्हवर घेऊन सर्व्हिस सेंटरला जावं लागतं. पहिली काही वर्षं फुकट असतं, मग पैसे पडतात. पण मॉडेल बंद पडल्यावर, पडद्याची पुढची पिढी आल्यावर, जुन्या पडद्यासाठी कंपनी किती वर्षं नकाशे बनवत राहील? हे बहुतेक ठिकाणी लेखी मिळत नाही. 2022 मध्ये अमेरिकेतल्या मोबाइल कंपन्यांनी 3जी जाळं बंद केलं, तेव्हा चांगल्या चालणाऱ्या असंख्य गाड्यांच्या जोडलेल्या सेवा गेल्या. इंजिन ठणठणीत, टायर ठणठणीत. पण आतल्या मोडेमला बोलायला टॉवर उरला नव्हता. काही गाड्यांवर उपाय निघाला, बऱ्याच गाड्यांवर नाही. आज आपल्या गाड्यांत ई-सिम आहेत. पंधरा वर्षांनी ती कोणत्या जाळ्यावर चालणार?

फोनच्या बाजूने हा प्रश्न 2009 च्या ऑक्टोबरमध्येच पालटला. गुगलने त्या महिन्यात वळणावळणाला बोलून वाट दाखवणारं नेव्हिगेशन फोनवर फुकट देण्याची घोषणा केली, आणि त्याच दिवशी गार्मिन आणि टॉमटॉम या नेव्हिगेशन यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांचे शेअर कोसळले. फुकट होतं हे एक कारण. त्याहून मोठं कारण म्हणजे रस्त्यावरचे फोनच आता मोजमाप करत होते. पुढे तीनशे फोन रांगत चाललेत, म्हणजे तिथे कोंडी आहे. चाकण चौकात संध्याकाळी किती वेळ जाईल, हे सांगायला कोणाला तिथे उभं राहावं लागत नाही. हे ज्ञान लाखो वाहनचालक मिळून दर मिनिटाला तयार करतात, आणि ज्याच्याकडे जास्त फोन त्याचा अंदाज जास्त चांगला. एकट्या गाडी कंपनीला हे जमणं अवघड, म्हणून कंपन्या ही माहिती बाहेरून घेतात. आपल्याकडे बऱ्याच कंपन्या नकाशे मॅपमायइंडियाकडून घेतात. ही दिल्लीची कंपनी 1995 पासून भारताचे नकाशे बनवते आहे आणि तिचं काम मनापासून चांगलं आहे. तिचं ‘मॅपल्स’ ॲप फोनवरही फुकट मिळतं. म्हणजे गाडीत विकला जाणारा नकाशा बऱ्याचदा आपल्या खिशातही विनामूल्य हजर असतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पैसे पडद्याला द्यावेत, नकाशाला देऊ नयेत. ॲपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो आल्यापासून फोनचा नकाशा गाडीच्या मोठ्या पडद्यावर उमटतो, आवाज स्पीकरमधून येतो, आणि काही गाड्या तर आपल्या सेन्सरची माहितीही फोनला पुरवतात. ही सोय आता मधल्या, कधी कधी खालच्या व्हेरिएंटमध्येही मिळते. फोन बदलला की नकाशाही आपोआप नवा होतो. तेही नसेल, तर पाच-सातशे रुपयांचा चांगला होल्डर एसीच्या झोतासमोर लावावा. काचेपाशी लावलेला फोन मे महिन्याच्या उन्हात तापतो, पडदा मंद करतो आणि कधी नेमका चौकाच्या आधी बंद पडतो. कायद्याचंही भान ठेवायला हवं: ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या मोटार वाहन नियमांनुसार गाडी चालवताना फोन वापरता येतो तो फक्त मार्ग पाहण्यासाठी, आणि लक्ष विचलित होणार नाही अशाच पद्धतीने. हातात धरलेल्या फोनपेक्षा पडदा किंवा होल्डर कितीतरी सुरक्षित. सुरक्षिततेसाठी म्हणून कोणी मोठा पडदा घेत असेल, तर तो खर्च मला योग्यच वाटतो.

एका बाबतीत मात्र गाडीचा आणि फोनचा, दोन्ही नकाशे सारखेच उणे पडतात. जानेवारी 2021 मध्ये अकोले तालुक्यात रात्रीच्या वेळी फोनच्या नकाशाच्या भरवशावर निघालेली गाडी पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली आणि एकाचा जीव गेला. नकाशावरचा पूल खोटा नव्हता. धरणात पाणी भरलं की तो काही महिने बुडालेला असतो. नोव्हेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटलेल्या पुलावरून गाडी खाली कोसळून तिघे गेले. पुराने पुलाचा भाग वाहून गेला होता, नकाशाला ते कळलं नव्हतं. पावसाळ्यात भोर–महाड मार्गावरचा वरंधा घाट जिल्हा प्रशासन अनेकदा बंद ठेवतं; तिथे कोणत्याही पडद्यापेक्षा घाटाखालच्या टपरीवर काच खाली करून विचारलेलं बरं.

‘‘काका, पुढे रस्ता चालू आहे ना?’’

‘‘नाही दादा, मोरी खचलीय कालपासून. माघारी फिरा, आंबेनळीनं जा.’’

ही माहिती विकत मिळत नाही, आणि अनोळखी घाटात रात्री हिच्याइतकी खात्रीची दुसरी माहिती नसते.

या साऱ्याला खरा अपवाद विजेच्या गाडीचा. तिच्यात बॅटरी किती उरली, घाट चढताना किती खर्च होईल, कोणत्या चार्जरवर किती वेळ थांबावं लागेल, हे गाडीलाच सगळ्यांत चांगलं कळतं. काही गाड्यांत वेगवान चार्जरचं ठिकाण गाडीच्या स्वतःच्या नेव्हिगेशनमध्ये टाकलं, की वाटेतच बॅटरी योग्य तापमानाला आणून ठेवली जाते आणि चार्जिंगचा वेळ वाचतो. फोनच्या नकाशावर गेलात तर हे होईलच असं नाही. पुणे–रत्नागिरी करायचं असेल आणि वाटेत मोजकेच चार्जर असतील, तर या जोडणीला किंमत आहे. दुसरा अपवाद म्हणजे कंपनीच्याच पडद्यावर पूर्ण गुगल मॅप्स घेऊन येणाऱ्या गाड्या. 2020 च्या पोलस्टार 2 पासून ही पद्धत सुरू झाली. गाडीचे सेन्सर आणि रस्त्याची ताजी माहिती, दोन्ही तिथे एकत्र येतात. पण त्यांचंही ई-सिम आणि सदस्यत्व किती काळ, हे विचारावंच लागतं. ज्येष्ठ आईवडील गाडी चालवत असतील आणि त्यांना फोन जोडणं, ॲप उघडणं नको वाटत असेल, तर इंजिन सुरू करताच समोर येणारा नकाशा त्यांच्यासाठी मोठा आधार ठरतो. तो खर्च मी आनंदाने करेन.

टेस्ट ड्राइव्हला गेलात की सेल्समनने दाखवलेलं विमानतळाचं उदाहरण बाजूला ठेवा. गाडीच्या पडद्यावर ‘वडगाव’ टाका. महाराष्ट्रात वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक आहे, मावळातलं वडगाव आहे, आणि खेडोपाडी आणखी कितीतरी वडगावं आहेत. गाडी कोणतं आधी दाखवते, तालुका सांगते का, मराठीत टाकलेलं समजतं का, हे दोन मिनिटांत कळेल. मग तुमच्या आजोळचं गाव टाका. तिथवरचा शेवटचा, डांबर संपल्यानंतरचा रस्ता दिसतो का, ते पाहा. तोच शोध लगेच फोनवर करा आणि दोन्ही पडदे शेजारी धरा. मुंबईत असाल तर अटल सेतू दिसतो का, ते बघून नकाशाचं साल ओळखा. आणि बुकिंगची रक्कम देण्याआधी तीन उत्तरं ईमेलवर लेखी मागवा: नकाशाचं अपडेट कोणत्या वर्षापर्यंत फुकट आहे, त्यानंतर वर्षाला किती पडेल, आणि गाडी विकली तर ते नव्या मालकाच्या नावावर होतं का. उत्तर आलं नाही, तर त्या नकाशाची किंमत शून्य धरून दोन व्हेरिएंटची तुलना पुन्हा करा.